बाळाखालचा मोजा

"यंदा बघाच तुम्ही!" होनोरियो दुगार्तेनं न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या जाहीर केलं. तोंडभर फेस होता, त्यामुळे शब्दांबरोबर बुडबुडेही उडाले. "तीन राजांच्या सणाला बायकोला अशी भेट देणार आहे, अशी भेट, की अख्ख्या मुकुसारीतल्या नवऱ्यांना आपापल्या घरात तोंड लपवावं लागेल!"

न्हाव्यानं वस्तरा वर उचलून धरला. हसताना हात हलला तर गिऱ्हाइकाचा कान जायचा.

हसू येणारच! होनोरियोच्या भेटींचा इतिहास गावाला पाठ होता. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला त्यानं अल्सिराला इस्त्री दिली. दुसऱ्या वर्षी इस्त्रीचं टेबल. मग एकदा बादली. "पण झाकणाची!" असं तो अजून अभिमानानं सांगायचा. बायकोला फोटोंचं वेड आहे हे त्याच्या ध्यानात यायला बरीच वर्षं गेली, आणि ध्यानात आल्यावर गेल्या साली त्यानं फोटोची चौकट आणली. दुकानदारानं नमुन्यादाखल आत एक फोटो घातला होता, कुठल्याशा सोनेरी केसांच्या कुटुंबाचा. तो काढायचा राहून गेला. ते कुटुंब तेव्हापासून भिंतीवरच आहे. पाहुण्यांनी विचारलं की अल्सिरा शांतपणे सांगते, "यांच्याकडचे."

आणि अल्सिराचं वेड तरी कसं! दुसऱ्या बायकांच्या गळ्यात जपमाळ, हिच्या गळ्यात कॅमेरा. गावातलं एकही बारसं, एकही लग्न, एकही जुळं वासरू तिच्या तावडीतून सुटलेलं नाही. मुलीच्या पाठवणीत आई हुंदके द्यायला लागली, तर ही म्हणणार, "रडा हो, खुशाल रडा, फक्त तोंड जरा खिडकीकडे करून रडा." आणि आई रडता रडता वळणार!

पण दोन वर्षांपासून तिच्या फोटोंत धुकं यायला लागलं होतं. आमचं गाव एवढ्या उंचावर, की ढग दारातून आत येऊन चुलीपाशी बसतात. त्यामुळे फोटोतल्या धुक्याची कुणाला शंकाच आली नाही. सगळे म्हणायचे, काय हुबेहूब आलंय! मग एकदा तिनं ब्रिहिदाच्या स्वयंपाकघरात केकचा फोटो काढला, तर केकवरही धुकं. तेव्हा कुठे उलगडा झाला. लेन्सला आतून बुरशी लागली होती!

त्या दिवशी अल्सिरा जेवली नाही. दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, "सहा जानेवारीला येर्सोन सणाला येईल ना, त्याला देऊन टाकते कॅमेरा. आंधळ्या डोळ्यानं किती दिवस बघायचं?"

येर्सोन म्हणजे तिची धाकटी बहीण ब्रिहिदा, तिचा जावई. फोनवरून बटाटे विकतो. कॅमेऱ्यावर त्याचा डोळा होताच. "फोनमध्ये माझ्या बटाट्यांचा चेहरा नीट येत नाही, मावशी," तो म्हणायचा. "आणि बटाट्याला थोडं धुकं चालतं. उलट थंडगार वाटतात."

होनोरियोनं हे ऐकलं आणि त्याच्या घशात अर्धी भाकरी अडकली. ज्या कॅमेऱ्यानं निम्मं गाव मोठं होताना पाहिलं, त्यानं आता बटाटे बघायचे? आणि अल्सिरा? सणाच्या सकाळी बाळ येशूच्या दर्शनाला निघालेल्या तीन राजांची सोंगं घेतलेले गावकरी घोड्यांवरून चौकात यायचे, तेव्हा ही गर्दीत रिकाम्या गळ्यानं उभी राहणार? त्याच्यानं ते चित्र डोळ्यांपुढे आणवेना. तो अंगणात गेला, परत आला, पुन्हा गेला. कोंबड्यांना वाटलं दाणे मिळणार. त्याही त्याच्यामागून येरझाऱ्या घालायला लागल्या.

शेवटी त्यानं सल्ला घ्यायचं ठरवलं. इथेच माणूस फसतो!

"अत्तर द्या, दाजी," ब्रिहिदा म्हणाली. "फोटो काढत असली तरी बाईच आहे ती."

"कॅमेऱ्याला विणलेला पट्टा दे," फिलिबेर्तो म्हणाला. हा शेजारी, सणासुदीला व्हायोलिन वाजवणारा. "माझ्या व्हायोलिनलाही एक आण. जोडीनं स्वस्त पडेल."

पलीकडच्या तेओतिस्ते मावशींनी चष्म्यावरून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "खरं सांगू का रे? तिला एक अख्खा दिवस दे. तू घरात नसलेला."

सगळ्यांचं ऐकून होनोरियोनं आपल्याच मनाचं केलं. अल्सिरा चर्चमध्ये गेलेली असताना तिचा कॅमेरा कोंड्याच्या पोत्यात घातला आणि पहिली बस धरून थेट मेरिदा शहर गाठलं. दुकानदारानं लेन्समधून उजेडाकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, हिच्यात तर बाग फुललीय!" मग त्यानं त्याच कॅमेऱ्यावर नवी लेन्स बसवून, फिरवून, खात्री करून दिली आणि जुनी परत चढवली. कॅमेरा गुपचूप घरी आपल्या जागेवर गेला. लसणाचं यंदाचं पीक कुठे गेलं, हे मात्र होनोरियोला कुणी विचारू नये.

आता प्रश्न होता लपवायचा. अल्सिराचं नाक म्हणजे पोलिसांच्या कुत्र्याचं. कपाट, माळा, लसणाची पोती, घोड्याच्या खोगिराखालची जागा, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. घरात एकच जागा अशी, की एकदा मांडली की ती तिला बोटही लावत नाही. पेसेब्रे!

पेसेब्रे म्हणजे बाळ येशूच्या जन्माची आरास. नाताळाआधी घरोघरी मांडतात. होनोरियोच्या घरची आरास जुन्या वळणाची होती. रंगवलेल्या कागदाचे डोंगर, आरशाचं तळं, घरांपेक्षा थोराड मेंढरं आणि एक प्लास्टिकचा डायनासोर. तो कुणी आणला ते कुणालाच ठाऊक नाही, पण दरसाल बाळाच्या दर्शनाला हजर असतो. मधोमध एक टोपली, टोपलीत गवत, गवतावर वीतभर उंचीचा मातीचा बाळ.

होनोरियोनं लेन्स खोक्यातून काढली, आपल्या राखाडी लोकरी मोज्यात घातली, वर घट्ट गाठ मारली आणि बाळाखालच्या गवतात खुपसली. दोन पावलं मागे सरून बघितलं. खुद्द देव राखणीला बसलाय! त्यानं मिशीवरून हात फिरवला.

आता इथले लोक म्हणतील, अरे खुळ्या, बाळ चोरीला गेला म्हणजे?

कारण आमच्याकडे तशी रीतच आहे. नवीन वर्ष लागलं की शेजारीपाजारी एकमेकांच्या घरातला बाळ चोरतात. रागानं नव्हे, मायेनं! ज्याचा बाळ गेला त्यानं दिवस ठरवायचा, वाजंत्री बोलवायची, मेणबत्त्या घेऊन, गाणी म्हणत दारोदार त्याला शोधायचं, रेशमी रुमालाच्या झोळीतून घरी आणून आरासीत उभा करायचा आणि मग सगळ्या गावाला केक आणि गोड वाइन द्यायची. त्याआधी मालकानं बाळाला हातही लावायचा नाही. आणि चोर रंगेहाथ सापडलाच, तर त्या घरची मेजवानी चोराच्या डोक्यावर.

होनोरियोला हे ठाऊक नव्हतं असं कसं होईल! पण त्याचा हिशेब वेगळा होता. वीस वर्षांपूर्वी त्याच्याकडचा बाळ एकदा चोरीला गेला होता. त्या मेजवानीचा केक इतका कोरडा होता, की फिलिबेर्तोला खोकल्यामुळे व्हायोलिन खाली ठेवावं लागलं, आणि वाइनमध्ये वाइन किती होती यावर लोकांत अजून एकमत नाही. त्यानंतर चोरांनी त्या घराकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. गावातला सगळ्यात सुरक्षित बाळ कुणाचा? होनोरियोचा! कंजूषपणा हेच त्याचं कुलूप होतं.

तीन तारखेला सकाळी तो दूध काढून घरात आला. सवयीनं आरासीकडे बघितलं.

डोंगर होते. तळं होतं. डायनासोर होता. टोपली नव्हती! बाळ नाही, गवत नाही, मोजा नाही!

"चोर! चोर!" त्यानं अशी आरोळी ठोकली की बादलीतलं दूध पायावर सांडलं.

अल्सिरा पिठाच्या हातांनी धावत आली. तिनं रिकामी जागा पाहिली, आणि तिचे डोळे चमकले.

"अहो! आपला बाळ चोरला!" तिनं टाळ्या पिटल्या. पीठ उडालं. "वीस वर्षांनी! आपल्याकडचा! म्हणजे लोकांना आपण आठवतोय अजून!"

"कुणी नेला? सांग कुणी नेला!"

"असं विचारतात का? रीत आहे. काय झालं तुम्हाला? चेहरा बघा, चुन्यासारखा पांढरा पडलाय."

"थंडी वाजतेय," होनोरियो म्हणाला, आणि त्याच्या कपाळावरून घाम ओघळला.

दहाच्या आत निम्मं गाव अभिनंदनाला येऊन गेलं. होनोरियोला खुर्चीत बसवेना. शेवटी तो मागच्या दारानं निसटला आणि तडक पोलीसचौकीत गेला.

"चोरीची तक्रार द्यायचीय," तो धापा टाकत म्हणाला.

हवालदार कॉफी पीत होता. "काय गेलं?"

"बाळ."

"आपला नेहमीचा बाळ? आरासीतला?"

"हो, पण टोपलीसकट! आणि गवत! गवत फार मोलाचं होतं!"

हवालदारानं कप खाली ठेवला, उठला आणि होनोरियोला मिठी मारली. "मेजवानीला मला विसरू नका, काका. केक या वेळी दुधात भिजवा, म्हणजे झालं."

घरी आल्यावर त्यानं दुसरी चाल खेळली. "अल्सिरा, मेजवानी उद्याच करू!"

अल्सिरानं हातातलं लाटणं बाजूला ठेवलं. तिनं त्याच्या कपाळाला उलटा हात लावून पाहिला. "तुम्ही? मेजवानी? उद्या? अहो, फेब्रुवारीच्या दोन तारखेपर्यंत मुदत आहे. चांगला महिनाभर तयारी करू."

"महिना? तोवर माझं काय होईल!"

"तुमचं काय व्हायचंय? बाळ गेलाय, तुम्ही आहात अजून."

तो फिलिबेर्तोकडे धावला, पण वाजंत्री सणापर्यंत रोज कुठे ना कुठे गुंतलेली. वाजंत्र्यांशिवाय शोध निघत नाही. राजांचा सण तर तोंडावर आलेला. येर्सोननं कॅमेरा न्यायला बटाट्यांचं रिकामं खोकंही आतमध्ये पेंढा घालून तयार ठेवलंय, असं ब्रिहिदा सांगून गेली.

मग होनोरियोनं ठरवलं. मोजा आपणच शोधायचा. गुपचूप! चोर चोरलेला बाळ आपल्याच आरासीमागे लपवतो, हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. सहज गप्पा मारायला गेल्यासारखं जायचं, घरमालकाची पाठ वळली की गवतात हात घालायचा, मोजा काढायचा, घरी यायचं. साधी गोष्ट!

पहिलं घर फिलिबेर्तोचं.

"बस की रे," फिलिबेर्तो म्हणाला. "असा चवड्यांवर का उभा आहेस?"

"बसून कंटाळा आलाय. तू जरा व्हायोलिन दाखव ना ते."

"माझं व्हायोलिन? तू? गेल्या साली त्याला मांजराचं भांडण म्हणाला होतास!" पण खूश होऊन तो आतल्या खोलीत गेला.

होनोरियो झेपावला. आरासीमागे काही नाही. मग समोर. फिलिबेर्तोचा बाळ उचलला, खालचं गवत चाचपलं. नाही! तेवढ्यात पावलं वाजली. हातात बाळ तसाच! होनोरियोनं तो झटकन अंगावरच्या रुआनाखाली घातला. रुआना म्हणजे आमची लोकरीची घोंगडी, मधोमध डोकं काढायला चीर असलेली. तिच्याखाली वासरूसुद्धा मावतं, बाळाचं काय!

फिलिबेर्तो परत येऊन नेमका आरासीसमोर बसला आणि वाजवायला लागला. एक संपलं की दुसरं. बाळ परत ठेवायला जागाच नाही. अखेर पाठीला घाम सुटलेला होनोरियो "वा! वा!" करत उलट्या पावलांनी दारातून बाहेर पडला.

दुसरं घर तेओतिस्ते मावशींचं. इथे आरासीशेजारी फडकं झाकलेली टोपली दिसली आणि त्याचं काळीज उडालं. हीच! त्यानं फडक्याखाली हात घातला. आत खुडूक कोंबडी बसली होती! तिनं अशी चोच मारली, की तो ओरडत मागे सरला, आरासीवर कलंडला, मावशींचा बाळ घरंगळत त्याच्या हातात आला, आणि त्याच क्षणी मावशी कॉफी घेऊन आत आल्या.

"काय रे पडलं?"

"काही नाही, मावशी. गुडघा वाजला."

दुसरा बाळही रुआनाखाली. मावशी कॉफी घेऊन समोर बसल्या आणि आपल्या गुडघ्यांची कथा सुरू केली, ती सूर्य कलेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी गावात एकच गलबला! "फिलिबेर्तोकडचा गेला!" "मावशींकडचाही गेला!" "यंदा चोर मोठा उमदा दिसतोय!" दोन्ही घरांत अभिनंदनाला रीघ लागली. बाळ परत ठेवायला होनोरियो तीनदा गेला आणि तीनदा केक खाऊन परत आला. आता घरी ठेवावं तर अल्सिराचं नाक. म्हणून दोन्ही बाळ अंगावरच! बसला की टोचायचे. वाकला की खडखडायचे.

तसाच तो ब्रिहिदाकडे गेला. तिची म्हातारी सासू, एउफेमिया आजी, चुलीजवळ पाय गुंडाळून डुलक्या घेत होती. ब्रिहिदानं दारातच त्याला मिठी मारली. खण्ण!

"दाजी, तुमचं पोट वाजतंय."

"भूक लागलीय."

"भुकेनं पोट गुरगुरतं हो. हे तर भांड्यासारखं वाजतंय! थांबा, पिस्का गरम करते." ती बटाटे-दुधाचं सार गरम करायला गेली.

होनोरियोनं आरासीमागे डोकावलं. आणि तिथे, देवाशपथ, त्याची टोपली! त्याचं गवत! नाकाचा टवका उडालेला त्याचा स्वतःचा बाळ! म्हणजे चोर मेहुणीच! त्यानं बाळ उचलला. गवत उपसलं. टोपली उलटी केली. मोजा नव्हता! मोजा कुठेच नव्हता!

"दाजी, अंडं घालू का?" ब्रिहिदा वाडगा घेऊन दारात.

आता हाताला सवयच झाली होती. तिसरा बाळ रुआनाखाली गेला. पिस्का गरम होता, जीभ पोळली, पण त्याला कळलंसुद्धा नाही. काय विचारणार? "माझा मोजा बघितलास का?" म्हणावं तर मोजा तिथे कसा आला ते सांगावं लागेल. आणि एक शब्द ब्रिहिदाला सांगितला की तो तिच्या बहिणीच्या कानात आधी पोचतो आणि मग ब्रिहिदाच्या तोंडून निघतो!

सणाची सकाळ उजाडली. चौकात मुंगीला शिरायला जागा नाही. राजांची वाट बघत सगळे थंडीत पाय आपटत होते. एउफेमिया आजीला खुर्चीसकट उचलून आणून पुढे बसवलं होतं. अल्सिरा गळ्यात कॅमेरा घालून उभी होती, पण शेवटच्या भेटीला आलेल्या माणसासारखी. येर्सोन शेजारी खोकं घेऊन तयार. होनोरियो कडेला, दोन्ही हातांनी पोट धरून, कुणी धक्का देऊ नये म्हणून देवाचा धावा करत.

"आले! आले!" कुणीतरी ओरडलं. चढावर घोड्यांच्या टापा वाजल्या. रिवाजाप्रमाणे सगळं गाव गुडघ्यांवर बसलं. होनोरियोलाही बसावं लागलं.

टप्. टप्. टप्.

रुआनाखालून तीन बाळ दगडी फरशीवर आले आणि ओळीनं पडले.

 मग एकच हल्लकल्लोळ!

"हा तर माझा बाळ!" फिलिबेर्तो ओरडला. "म्हणून व्हायोलिन गोड लागलं होय रे तुला!"

"आणि हा माझा!" मावशींनी चष्मा पुसला. "गुडघा वाजला म्हणे!"

"तिसरा कुणाचा?" हवालदार पुढे सरला.

अल्सिरानं तिसरा उचलला. टवका उडालेलं नाक बघितलं. मग तिनं मान वर केली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता.

"हा आपलाच आहे," ती हळूच म्हणाली. "आपल्याच घरचा बाळ तुम्ही परत चोरलात? मेजवानी चुकवायला?"

"अगं नाही, ऐक..."

"एक केक, अहो! गावाला एकदा एक केक द्यायचा होता. मला वाटलं, लोकांनी आपल्याला आठवलं..."  तिनं गळ्यातला पट्टा डोक्यावरून काढला आणि कॅमेरा पुढे केला. "येर्सोन, धर बाबा. घेऊन जा."

येर्सोननं लगेच पेंढा सारखा केला.

"थांब!" होनोरियो असा ओरडला की चढावरचा पुढचा घोडा बुजला. "मेजवानी देतो! एक का, तिन्ही देतो! मला बाळ नको होता, मला मोजा हवा होता! बाळाखाली मोजा होता, मोज्यात लेन्स होती, लेन्स तुझी होती! भेट होती ती, सणाची! कॅमेरा देऊ नकोस, अल्सिरा! मोजा सापडू दे!"

लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. ब्रिहिदा मात्र पांढरीफटक पडली.

"दाजी... राखाडी मोजा? वर गाठ मारलेला?"

"तोच! कुठाय?"

"मला काय ठाऊक! मला वाटलं, बाळाला थंडी वाजू नये म्हणून ताईनं खाली शेकायचा दगड ठेवलाय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो, केवढी ती माया! थंडीत पाय शेकायला आपण तापवलेला दगड मोज्यातच घालतो ना? आणखी काय असणार त्यात, सांगा? मी तो रोज चुलीच्या कडेला शेकते आणि सासूबाईंच्या पायांशी देते. मनात म्हणायची, यंदाचा दगड हलका आहे, आणि पटकन गार होतो..."

सगळ्या गावाच्या नजरा एउफेमिया आजीच्या पायांकडे वळल्या. घोंगडीखालून राखाडी लोकर डोकावत होती.

आजींनी दोन्ही पायांनी मोजा गच्च धरला. "द्यायची नाही मी!"

"आजी, ती लेन्स आहे!"

"असेल. माझ्या पायांना पटलीय."

होनोरियो गुडघ्यांवरच सरकत त्यांच्यापुढे गेला. लग्नाची मागणी घालतानासुद्धा तो बायकोपुढे असा वाकला नव्हता. "आजी, पाया पडतो. काय हवं ते मागा."

"मग माझे पाय कोण शेकणार? तू?"

"मी!"

आणि त्यानं खरंच तिथल्या तिथे बैठक मारली, आजींचे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि आपल्या रुआनाखाली पोटाशी धरले. बर्फाचे गोळे होते ते! त्याचे डोळे पांढरे झाले, पण पाय सोडले नाहीत. आजींनी अंदाज घेतला आणि मान डोलावली. "पोट बरं आहे याचं. न्या तुमचा दगड."

अल्सिरानं गाठ सोडली. लेन्सला चुलीच्या धुराचा वास येत होता आणि मधल्या कड्यात लोकरीचा धागा अडकला होता. तिनं फुंकर मारली. जुनी काढली, नवी बसवली, फिरवली. टक्! कॅमेरा डोळ्याला लावला आणि तशीच उभी राहिली.

"कशी आहे?" होनोरियोनं खालून विचारलं.

 कॅमेरा डोळ्याला तसाच, पण त्याच्याखालून गालावर पाणी आलेलं सगळ्यांनी बघितलं. येर्सोननं न सांगताच खोक्यातला पेंढा काढून फेकला.

आता अल्सिरानं कॅमेरा सावकाश होनोरियोकडे वळवला.  इतक्या वर्षांत तिनं गावाचे हजार फोटो काढले होते, पण नवी लेन्स, पहिला फोटो, आणि त्यात तो! आजींचे पाय सांभाळत एका हातानं त्यानं मिशी नीट केली. हनुवटी वर केली. डोळ्यांत जमेल तेवढं प्रेम आणलं.

"अहो," अल्सिरा म्हणाली.

"काय गं?"

"सरका ना जरा! मागून राजे आलेत."

पण सरकणार कसा? मांडीवर आजींचे पाय, भोवती तीन घरांचे लोक मेजवानीच्या तारखा ठरवायला त्याला घेरून बसलेले, आणि तिन्ही बाळ गर्दीत पायदळी जाऊ नयेत म्हणून कुणीतरी पुन्हा त्याच्याच काखेत कोंबलेले. तो जमेल तेवढा आक्रसला.

तो फोटो आज चर्चच्या दारात लावलेला आहे. कापसाच्या दाढ्यांचे तिन्ही राजे त्यात इतके लख्ख आलेत, की मधल्याच्या दाढीत अडकलेला केकचा कणसुद्धा दिसतो. डाव्या कोपऱ्यात एक कोपर आलंय. ते होनोरियोचं. कोपराखालून मातीचा एक चिमुकला पाय बाहेर डोकावतोय. तो कुणाच्या बाळाचा, यावर तिन्ही घरांत अजून भांडण आहे. होनोरियो मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून तो कोपरा दाखवतो आणि सांगतो, "हा मी!"